इलेक्ट्रोडवाली फ्लो-चिप: काही महिने वापरल्यावर

आमच्या प्रयोगशाळेत काको-२ या मानवी आतड्याच्या पेशींचं 'आतडं' आता साध्या इन्सर्टऐवजी (प्लेटमध्ये बसणारा, सच्छिद्र तळाचा छोटा कप) चिपवर वाढतं. मधे सच्छिद्र पडदा, त्यावर पेशी, वर-खाली वाहतं मीडियम (पेशींचं पोषक द्रावण) आणि इलेक्ट्रोड चिपमध्येच बसवलेले. माझं मत एवढंच की पेशींचा थर घट्ट होतोय की सैलावतोय, ते ही चिप छान दाखवते. किती घट्ट, ते तिला विचारू नये.

इन्सर्टमध्ये हाताने टीअर, म्हणजे थराचा विद्युत रोध, मोजायचा तर प्लेट इनक्युबेटरबाहेर येते. मीडियम गार झालं की रोध वाढतो, इलेक्ट्रोड जरा तिरका धरला की रीडिंग बदलतं, आणि मग कुणाचं रीडिंग खरं यावर वाद. इथे ती कटकट संपली. रात्रभर आपोआप नोंद होते. ईजीटीए घालून कॅल्शियम काढून घेतलं की पेशींमधले सांधे सुटताना दिसतात, कॅल्शियम परत दिलं की सावरतानाही. शिवाय इन्सर्टवर या पेशींना साधारण २१ दिवस द्यावे लागतात. प्रवाहात त्या बऱ्याच लवकर तयार होतात.

खरा वैताग बुडबुड्यांचा. मीडियम आदल्या रात्री ३७ अंशांवर ठेवून त्यातली हवा निघू द्या, तरी एखादा येतोच. सरकला तर पेशी खरवडून नेतो. अडकला तर त्याहून फसवा, कारण हवेतून वीज जात नाही आणि टीअर झपकन वर जातो. नवख्याला वाटतं, थर झकास जमला! म्हणून एकाच फ्रिक्वेन्सीवर मोजणारं यंत्र घेऊ नका. वरच्या फ्रिक्वेन्सीला पेशींचा अडथळा जवळपास उरत नाही, दिसतो तो मीडियमचा रोध. तोच वाढला असेल तर आधी नळ्या बघा.

आकड्यांचं म्हणाल तर वाहिनी उथळ असल्याने वीज पडद्यावर सगळीकडे सारखी पसरत नाही. क्षेत्रफळाने गुणून काढलेले टीअरचे आकडे (ओहम-सेमी²) फुगलेले निघू शकतात. इन्सर्टच्या आकड्यांशेजारी ते मांडलेले दिसले की मी तो तक्ता सोडून देते. सोबत ल्युसिफर यलो या चमकणाऱ्या रंगाची थरातून होणारी गळती मोजाच.

पंपावरचा प्रवाह दुसऱ्या चिपवर तसाच उचलू नका. वाहिनीची उंची निम्मी झाली की तेवढ्याच प्रवाहात पेशींवरचा घर्षणताण चौपट होतो.

आणि चिप पीडीएमएसची, म्हणजे सिलिकॉन रबराची, असेल तर तेलात विरघळणारी औषधं तिच्यातच मुरतात. अशा औषधांसाठी आम्ही अजूनही इन्सर्टच काढतो.