मायको व्हायचं की गेईको? क्योतोत नटण्याआधी

जपानमधल्या क्योतोत गियॉन या गेइशांच्या वस्तीच्या आसपास असे स्टुडिओ आहेत जिथे पर्यटक बाईला पांढरा रंग लावून, किमोनो नेसवून फोटोसाठी सजवतात. तिथे आधी ठरवावं लागतं: मायको की गेईको? (क्योतोत गेइशाला गेईको म्हणतात, मायको म्हणजे अजून शिकणारी मुलगी, साधारण १५ ते २० वर्षांची.)

फोटो पाहिले की बोट मायकोकडे वळतं. तिचं सगळंच ठळक. बाह्या पार खाली लोंबणाऱ्या, आणि वाढत्या मुलीच्या झग्याला घालतो तसे खांद्यांवर अन् बाह्यांवर मुद्दाम घातलेले टक. भरतकाम केलेली लाल कॉलर. पाठीवर दरारी ओबी: पाच-सहा मीटरचा जड पट्टा, ज्याची टोकं घोट्यांपर्यंत येतात आणि ज्याच्या खालच्या टोकाला तिच्या ओकियाचं, म्हणजे ती राहते त्या घराचं, चिन्ह असतं. पायात ओकोबो, दहाएक सेंटिमीटर उंच खडावाच म्हणा ना! खरी मायको स्वतःचेच केस बांधते आणि ते मोडू नयेत म्हणून उंच उशीवर झोपते. तुमचं काम अर्ध्या विगवर भागतं.

गेईकोच्या बाह्या आखूड, ओबीची गाठ पाठीवर चौकोनी, डोक्यावर पूर्ण विग, पायात सपाट झोरी. कॉलर पांढरी, मायकोची गेईको होते त्या विधीचं नावच एरिकाए, म्हणजे कॉलर बदलणं. औपचारिक प्रसंगी ती काळा किमोनो घालते. त्यावर पाच कुलचिन्हं, नक्षी फक्त खालच्या घोळावर. वरचा सगळा भाग कोरा काळा, आणि त्यातून उठून दिसतात ती मानेच्या मागे पांढरा रंग न लावता सोडलेली त्वचेची टोकं. एरवी दोन ठेवतात, अशा पोशाखात तीन.

घोळ मात्र दोघींचाही जमिनीवर लोळतो. बाहेर पडताना तो हाताने उचलून धरावा लागतो.

माझं मत विचाराल तर तिशी ओलांडलेल्या बाईने गेईकोच व्हावं. मायकोच्या पोशाखात कपडे दिसतात, काळ्या किमोनोत बाई दिसते. विशीतली मुलगी असेल आणि धमाल फोटो हवे असतील, तर मायको. फक्त ओकोबोवर फार लांब फिरायचे बेत आखू नका. तसंही गियॉनच्या काही खासगी गल्ल्यांत २०२४ पासून पर्यटकांना मनाई आहे, दंड १०,००० येन.

आणि चष्मा असेल तर लेन्स घेऊन जा.