सोलापूर–गोवा विमान: हवेतला पाऊण तास आणि जमिनीवरचे साडेतीन

सोलापूरहून गोव्याला जाणारी फ्लाय ९१ ची विमानसेवा ९ जून २०२५ रोजी सुरू झाली. होटगी रस्त्यावरील विमानतळापासून उत्तर गोव्यातील मोपा विमानतळापर्यंतचे हवाई अंतर सरळ रेषेत सुमारे ३०० किलोमीटर आहे, तर रस्त्याने कोल्हापूर–आंबोलीमार्गे गेले तरी चारशेच्या वर किलोमीटर कापावे लागतात आणि घाट धरून आठ-नऊ तास सहज जातात. या हिशोबावर विसंबून मी या विमानाने पणजीला गेलो.

विमान एटीआर ७२ जातीचे, पंख्याचे. त्याचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास असल्याने ३०० किलोमीटरला छत्तीस मिनिटे पुरावीत, असे गणित मी घरी मांडले होते, आणि ते चुकले. वेळापत्रकातील वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर थांबेपर्यंतची धरलेली असते, शिवाय चढताना आणि उतरताना पूर्ण वेग मिळत नाही. एवढ्या जवळच्या मार्गावर निम्मा वेळ त्यातच जातो. म्हणून तिकिटावर तासाभराचा प्रवास दिसतो आणि प्रत्यक्ष हवेत जेमतेम पाऊण तास काढला जातो.

तो पाऊण तास मात्र फार सुखाचा गेला. एटीआरचे पंख खिडक्यांच्या वर असल्यामुळे खालचा मुलूख मोकळा दिसतो, आणि आसने दोन-दोनच्या ओळींत असल्याने मधल्या आसनात अडकण्याची भीती नाही. नकाशावर पट्टी ठेवली तर हा मार्ग भीमा ओलांडून अथणी, चिकोडी, चंदगड यांच्या आसपासून जातो. माणदेशी उन्हात करपलेली जमीन, मग कृष्णाकाठचा ऊस आणि अखेरीस एकाएकी हिरवागार सह्याद्री, असा बदल गाडीतून इतक्या सलग कधीच दिसत नाही. पंख्यांचा आवाज मधल्या भागात जास्त जाणवतो. चढणे-उतरणे मागच्या दाराने असल्याने मागची आसने दोन्ही दृष्टींनी सोयीची आहेत. पावसाळ्यात सह्याद्रीवरच्या ढगांत विमान हलते, याची तयारी मात्र मनाशी असावी.

आता घरापासूनचा हिशोब. जुळे सोलापुरातून विमानतळ पंधरा मिनिटे, तेथे दीड तास आधी हजेरी, विमानाचा एक तास, मोपाला सामान आणि टॅक्सी मिळेपर्यंत अर्धा तास, आणि पुढे पणजीपर्यंत आणखी एक तास, असे एकूण सव्वाचार तास झाले. मोपा पेडणे तालुक्यात, गोव्याच्या उत्तर टोकाला असल्यामुळे मडगाव किंवा त्याच्या दक्षिणेकडे जाणाऱ्यांची बचत आणखी घटते. तरीही रस्त्याच्या निम्म्या वेळात, अंग न आंबता आणि शेंगाचटणीची पाकिटे न चुरगळता मी पोहोचलो, त्यामुळे या मार्गासाठी मी विमानच निवडेन.

मुंबईचे तसे नाही. तेथील हवाई अंतर गोव्यापेक्षा फार तर साठ किलोमीटरनी जास्त, सुमारे ३६० किलोमीटर आहे, पण विमानतळावरच्या वेळा तितक्याच लागतात आणि दिवसाचा मोठा भाग खर्ची पडतो. सिद्धेश्वर एक्सप्रेस रेल्वेने तेच शहर ४५५ किलोमीटरवर असूनही रात्रीच्या झोपेत गाठून देते, म्हणून मुंबईच्या कामासाठी माझे आरक्षण अजून तिचेच असते.