टसरची करवतकाठी साडी : आंधळगावच्या हातमागावरून थेट घेतलेली

भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यात आंधळगाव येथे एका विणकर कुटुंबाकडून घेतलेली टसरची, म्हणजे रानात वाढणाऱ्या किड्याच्या रेशमाची, करवतीच्या दात्यांसारखा काठ असलेली करवतकाठी साडी लग्नसराईत आणि सणावाराला वारंवार नेसल्यानंतर हे लिहीत आहे. कापड उत्तम आहे आणि काठाचे काम त्याहून सरस आहे. मात्र पहिल्या धुण्याविषयी घेतानाच नीट सांगितले गेले असते तर बरे झाले असते.

साडीला रंग दिलेला नाही. तिचा मधासारखा पिवळसर तपकिरी रंग रेशमाच्या किड्याने स्वतःभोवती विणलेल्या कोशाचाच आहे. टसरचा किडा तुतीवर नव्हे, तर ऐन आणि अर्जुन या झाडांच्या पानांवर उघड्या रानात वाढतो, आणि पाखरे व मुंग्या यांच्यापासून त्याची राखण करण्याचे कष्टाचे काम आपल्या पूर्व विदर्भात ढिवर या मासेमार समाजातील अनेक कुटुंबे करीत आली आहेत. हा कोश इतका टणक असतो की त्यातील डिंकासारखा पदार्थ सैल होण्यासाठी तो सोडा घातलेल्या पाण्यात उकळावा लागतो, त्याशिवाय धागा सुटत नाही. हाताने काढलेले सूत कुठे जाड तर कुठे बारीक उतरते, आणि माझ्या साडीच्या बाण्यात, म्हणजे आडव्या धाग्यांत, ही चढउतार स्पष्ट दिसते. ताणा, म्हणजे उभे धागे, मात्र एकसारखा आहे. मागावरचा ताण आणि फणीचे घर्षण हातसुताला सोसत नाही, म्हणून ताण्याचे सूत बाहेरून विकत आणतो, असे विणकर काकांनी विचारण्याआधीच सांगितले. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटला, कारण पुष्कळ ठिकाणी सगळेच सूत गावचे असल्याचे भासवले जाते.

खरी कसोटी काठाची. साध्या विणीत आडवा धागा एका किनारीपासून दुसऱ्या किनारीपर्यंत सलग जातो, त्यामुळे काठाच्या उभ्या रंगात अंगाचा रंग मिसळतो. करवतकाठीत आडवा धागा वाहून नेणारे तीन धोटे चालतात, दोन्ही काठांसाठी एकेक आणि अंगासाठी एक; जिथे काठ आणि अंग भेटतात तिथे दोघांचे धागे एकमेकांत अडकवून परत फिरवले जातात, आणि त्यातून करवतीचे दाते उमटतात. हे हाताने धोटा टाकूनच साधते, म्हणून काम संथ चालते. या विणीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तरी छापील दाते असलेल्या साड्या बाजारात सर्रास दिसतात. साडी उलटी करून पाहावी. विणलेले दाते दोन्ही बाजूंनी सारखेच ठसठशीत असतात.

आता दोषाविषयी. काठ सुती आणि अंग रेशमी असल्यामुळे पाणी लागताच दोन्ही वेगवेगळ्या प्रमाणात आटतात. पहिल्या धुण्यानंतर माझ्या साडीचा काठ चुण्या पडून ओढल्यासारखा झाला होता. किंचित ओली असतानाच उलट बाजूने इस्त्री केल्यावर तो बराचसा सरळ झाला, पण पूर्वीसारखा नाही. पहिल्यांदा तरी कोरडी धुलाई करून घ्यावी आणि यंत्रात कधीच घालू नये.

घेताना पदराच्या दशांतील एकदोन धागे विणकराकडून मागून घेऊन जाळून पाहिले. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांत चुरगळली. पॉलिएस्टर असते तर वितळून कडक मणी झाला असता. २००४ पासून शुद्ध रेशमासाठी सिल्क मार्कची चिठ्ठी मिळते, परंतु ती रेशमाची खात्री देते, हातमागाची नव्हे. माझ्या साडीवर ती नव्हती, म्हणून धाग्याची परीक्षा आवश्यकच होती.

नेसायला साडी हलकी आहे आणि निऱ्या ताठ उभ्या राहतात. तुतीच्या रेशमाची चकाकी आणि मऊपणा हवा असेल त्यांनी हिच्या वाटेला जाऊ नये, कारण टसरचा पोत खरखरीतच असतो आणि बसल्यावर त्याला चुण्याही लवकर पडतात. वैशाखातल्या भर दुपारी सुती पातळच बरे. संध्याकाळच्या लग्नाला मात्र ही साडी अजिबात जड होत नाही. साडेसात हजार रुपये दिले. हाताने अडकवलेला काठ वितभर जवळून पाहिल्यावर त्यात घासाघीस करावीशी वाटली नाही. झंपराचे कापड त्याच ताण्यावर हवे असेल तर ते आधी सांगावे लागते, कारण मागावरचा ताणा उतरल्यावर तेच सूत पुन्हा मिळेल याची खात्री विणकर देत नाहीत.