कुत्र्याचा सैल खांदा: बांधायचा, शिवायचा की कायमचा जोडून टाकायचा?

पुढच्या पायाने लंगडणारा लॅब्रेडॉर माझ्याकडे येतो तेव्हा सोबत बहुतेक वेळा कोपराचा एक्स-रे असतो, आणि त्यात काहीच नसतं. मग खांद्याचा काढतात. तोही पुष्कळदा साफच येतो, कारण बिघाड हाडात नसून हाड धरून ठेवणाऱ्या दोरखंडांत असतो. कुत्र्याच्या खांद्याची खोबण उथळ असते. हाड जागेवर राहतं ते आतल्या बाजूचं लिगामेंट (हाडाला हाड बांधणारा पट्टा), सबस्कॅप्युलॅरिस स्नायूची कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) आणि सांध्याभोवतीचं आवरण यांच्या जिवावर.

म्हणून ऑपरेशनच्या खर्चाचा आकडा विचारण्याआधी कोनाचा आकडा विचारा. गुंगी देऊन कुत्र्याला कुशीवर झोपवायचं, पाय सरळ धरून अंगापासून बाहेर उचलायचा आणि कोन मोजायचा. निरोगी खांदा साधारण ३० अंशांवर अडतो. ५० च्या पुढे सहज गेला तर सैलपणा खरा. दुसऱ्या पायाचा कोनही मोजायलाच हवा. काही कुत्री मुळातच लवचिक असतात.

सैलपणा थोडा असेल तर मी सुरी उचलत नाही. दोन्ही पुढचे पाय फाकू नयेत म्हणून बांधायचा हॉबल, तीनेक महिने पट्ट्याशिवाय एक पाऊल नाही, आणि फिजिओथेरपी. ऐकायला सोपं वाटतं, पण तिसऱ्या आठवड्यात कुत्रं बरं दिसायला लागतं आणि घरातलं कुणीतरी ‘जरासं’ मोकळं सोडतं. तिथेच सगळं फिसकटतं.

दुर्बिणीतून उष्णता देऊन आवरण आकसवण्याची पद्धत काही ठिकाणी सुचवतात. जखम इवलीशी, हे खरं. पण तापवलेली ऊती सुरुवातीचे काही आठवडे उलट कमजोरच असते, हॉबल चुकत नाही, आणि ती पुन्हा ताणली जाऊ शकते. मला तिचं फारसं कौतुक नाही.

लिगामेंट तुटलेलंच असेल तर खरी निवड दोन ऑपरेशनांत. एकात हाडात अँकर (दोर अडकवायची छोटी खुंटी) बसवून किंवा बोगदे पाडून कृत्रिम दोर ओवतात, गरज पडली तर सबस्कॅप्युलॅरिसची कंडराही घडी घालून शिवतात. सांधा जवळपास मूळच्यासारखा चालतो. मात्र दोर सैल होणं, अँकर सुटणं, जंतुसंसर्ग हे धोके सोबत येतात. दुसऱ्या ऑपरेशनात कुत्र्याचीच बायसेप्सची कंडरा आतल्या बाजूला वळवून आधाराला लावतात. परकी दोरी आत राहत नाही, पण सांध्याची चालच बदलते आणि पुढे संधिवात वाढतो. पळणारं, उड्या मारणारं तरुण कुत्रं असेल तर मी पहिल्याकडे झुकतो, पण सर्जनचा हात बसलेला असेल तरच. ‘खांद्याची अशी किती केलीत?’ हे विचारायला लाजू नका.

पॉमेरेनियन, टॉय पूडल यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यात खांदा जन्मतःच आत सरकलेला असू शकतो आणि खोबणच नीट घडलेली नसते. मग दोर बांधायचा तरी कशाच्या आधारावर? तिथे प्लेट लावून सांधा कायमचा जोडणं, म्हणजे आर्थ्रोडेसिस, हा शेवटचा पण प्रामाणिक उपाय. मालक दचकतात. पण कुत्र्याचं खांद्याचं पान छातीवर मोकळं सरकतं, त्यामुळे चाल थोडी ताठ झाली तरी बरीच कुत्री पाय टेकून छान फिरतात. परतीची वाट मात्र नाही.

गाडीच्या धडकेने निखळलेला ताजा खांदा कधी कधी भुलीखाली नुसता बसवता येतो. हाड आत सरकलं असेल तर पाय दुमडून छातीशी बांधतात. बाहेर सरकलं असेल तर तेच बांधणं सांधा पुन्हा निखळवतं, म्हणून घरी स्वतः काही बांधू नका.

काहीही निवडलंत तरी पुढचे महिने घरातच काढायचे आहेत. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टशिवाय राहत असाल आणि कुत्रं ३५ किलोचं असेल, तर त्याला उचलणार कोण हे आधी ठरवा. आणि गुळगुळीत टाइल्सवर जुन्या सतरंज्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच अंथरून ठेवा. दवाखान्यातून आलेलं कुत्रं दारातून आत शिरताना थांबत नाही.