गेस्ट हाऊसमधले व्हीलॅन: एक सीझन आणि एक पावसाळा वापरून झाल्यावर

गोव्यात हरमलला आमचं छोटं गेस्ट हाऊस आहे. बिलिंगचा कॉम्प्युटर, सीसीटीव्ही आणि पाहुण्यांचं वायफाय सगळं एकाच नेटवर्कवर चालायचं. म्हणजे वायफायचा पासवर्ड मिळालेला कुणीही मोबाइलवर कॅमेऱ्याचं लॉगिन पान उघडू शकत होता. हे मला अजिबात पटेना. सीझनच्या तोंडावर मायक्रोटिक कंपनीचा राउटर आणि ८ पोर्टचा स्मार्ट (सेटिंग बदलता येणारा) स्विच घेतला आणि व्हीलॅन, म्हणजे त्याच तारांवर नंबर देऊन वेगळी केलेली नेटवर्कं, पाडले: ऑफिस १०, पाहुणे २०, कॅमेरे ३०.

राउटरकडे जाणारा पोर्ट ट्रंक, म्हणजे प्रत्येक फ्रेमवर (डेटाच्या पुडक्यावर) व्हीलॅनच्या नंबराचा टॅग लावून अनेक व्हीलॅन नेणारा; बाकीचे ॲक्सेस, म्हणजे एकाच व्हीलॅनचे, बिनटॅगचे (अनटॅग्ड). वायफाय देणाऱ्या ॲक्सेस पॉइंटलाही ट्रंकच द्यावा लागतो, कारण ऑफिसचं आणि पाहुण्यांचं अशी दोन्ही वायफाय नावं त्याच एका केबलवरून जातात.

खरा वेळ खातो तो पीव्हीआयडी, म्हणजे पोर्टवर बिनटॅगची आलेली फ्रेम कुठल्या व्हीलॅनमध्ये टाकायची तो नंबर. अशा बऱ्याच स्वस्त स्विचमध्ये पोर्ट व्हीलॅन ३० मध्ये अनटॅग्ड केला तरी पीव्हीआयडी १ वरच राहतो. तो वेगळ्या पानावर जाऊन बदलावा लागतो. तोवर कॅमेऱ्याकडे जाणारी फ्रेम बरोबर जाते, कॅमेऱ्याकडून येणारी मात्र व्हीलॅन १ मध्ये जाऊन पडते. लिंकचा दिवा लागलेला, पण कॅमेऱ्याला आयपी मिळत नाही. असं दिसलं की केबल बदलत बसू नका, आधी पीव्हीआयडी बघा.

मायक्रोटिकमध्ये ब्रिजवरचं (राउटरचे पोर्ट एकत्र जोडणाऱ्या भागावरचं) व्हीलॅन फिल्टरिंग अगदी शेवटी चालू करायचं, तेही सेफ मोडमध्ये. काही चुकून आपलंच राउटरशी कनेक्शन तुटलं तर या मोडमध्ये केलेले बदल आपोआप मागे फिरतात. ही सोय मला फार आवडली.

आणि नुसते व्हीलॅन पाडून काम होत नाही, हे नीट लक्षात ठेवा. फायरवॉलमध्ये अडवलं नाही तर राउटर २० मधून ३० मध्ये खुशाल वाट करून देतो. एकाच व्हीलॅनमधले पाहुणे एकमेकांना दिसू नयेत म्हणून ॲक्सेस पॉइंटवर क्लायंट आयसोलेशन वेगळं लावावं लागतं. ते लावलं की मोबाइलवरून खोलीतल्या टीव्हीवर कास्ट करणं बंद पडतं. अजून तरी पाहुण्यांना मी नाहीच म्हणतो, सुरक्षितता आधी.

नाताळच्या गर्दीतही बिलिंग अडलं नाही. पावसात विजेच्या कडकडाटात स्विच गेला, तेव्हा दाराच्या आत चिकटवलेल्या पोर्टच्या तक्त्यावरून नवा स्विच त्याच संध्याकाळी उभा केला. स्विच घेताना खोक्यावर ८०२.१क्यू (व्हीलॅन टॅगचं मानक) लिहिलंय का तेवढं बघा. अनमॅनेज्ड, म्हणजे सेटिंगच नसलेल्या स्विचवर यातलं काहीच जमणार नाही.