हळदीकुंकवाच्या वाणातली रेडिएशन चिप आणि माझे ७,५०० रुपये

घोडबंदर रोडला राहणाऱ्यांनी तरी हे वाचाच, कारण मोबाइलचं रेडिएशन अडवते म्हणून चिप विकणारी ती जोडी अजून सोसायट्यांमध्ये फिरतेय असं परवाच कळलं.

झालं असं की रथसप्तमीच्या आधीच्या रविवारी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये हळदीकुंकू होतं, आणि कमिटीतल्या एका काकूंच्या ओळखीने एक मॅडम आणि एक सर मोबाइल रेडिएशनवर 'अवेअरनेस' करायला आलेले. वाण म्हणून प्रत्येकीला एक सोनेरी चिप, नखाएवढी, फोनच्या मागे चिकटवायची. आता वाणाला नको कोण म्हणणार?

त्यात आमच्या समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर टॉवर, बेडरूमच्या खिडकीतून दिसतो, आणि आईंचं म्हणजे सासूबाईंचं दिवाळीपासून डोकं दुखायचं, मागच्या बाजूने, सकाळी उठल्या उठल्या. त्या रोज टॉवरकडे बघून बोटं मोडायच्या. सरांनी नेमकं तेच विचारलं, "मावशी, घराजवळ टॉवर आहे का, झोप कशी लागते?" ठाण्यात कोणाच्या घराजवळ टॉवर नाही ते सांगा मला, आणि सत्तरीत झोप कोणाला धड लागते?

मग डेमो. आईंना उभं केलं, डाव्या हातात फोन, उजवा हात खांद्याच्या रेषेत आडवा. सरांनी मनगटावर दोन बोटांनी दाबलं, हात खाली. चिप लावली, परत दाबलं, हात हलेना. सगळ्या बायका आ वासून. दुसऱ्या वेळी त्यांनी मनगटावर नाही, कोपराजवळ दाबलं होतं हे माझ्या मुलाने घरी आल्यावर दाखवलं, टीव्हीचा रिमोट हातात देऊन. रिमोटनेसुद्धा 'ताकद' येते, करून बघा.

दुसरा डेमो रेडिएशन मोजायच्या मीटरचा, आणि मी फसले ती इथे, कारण मीटर खरा होता. माझ्याच फोनवरून ह्यांना कॉल लावायला सांगितला, मीटर फोनला टेकवला तर लाल लाईट, टी टी टी आवाज. कॉल चालू ठेवूनच चिप चिकटवली आणि अर्ध्या मिनिटात आकडा धाडकन खाली. डोळ्यांनी बघितलं हो! तिथेच फॅमिली पॅक घेतला. चार चिप ३,४००, राउटरवर ठेवायची जाळी २,४००, आईंना गळ्यात घालायचं काळं पेंडंट १,७००. जीपे केलं ते कुणाच्यातरी पर्सनल नंबरवर, बिल "कुरिअरने येईल". पॅम्प्लेटवर नाव 'कवच' आणि खाली कॅन्सरपासून संरक्षण वगैरे.

दुसऱ्या दिवसापासून वायफाय रडायला लागलं. हे घरून काम करतात, मीटिंगमध्ये तोंड उघडं आणि आवाज गायब. मॅडमना फोन केला तर म्हणाल्या, "ताई म्हणजे बघा, काम करतंय!" आणि मला ते पटलं पण, हे लिहिताना लाज वाटतेय. जाळीने लहरी अडवल्या तर नेट कसं चालणार आणि नेट चालतंय तर जाळी अडवतेय काय, एवढा साधा प्रश्न पडला नाही.

महिनाभराने भाऊ आला. तो टॉवर मेंटेनन्समध्ये आहे, महापेला. चिप बघून हसतच सुटला. म्हणाला ताई, कॉल लागताना फोन जोरात ओरडतो, म्हणजे पूर्ण ताकदीने लहरी सोडतो, टॉवर कुठे आहे माहीत नसतं ना, मग टॉवर सांगतो की ऐकू येतंय, हळू बोल, आणि फोन आवाज उतरवतो. म्हणून आकडा खाली आला, चिप लावा नाहीतर टिकली लावा. दोन दिवसांनी ऑफिसमधला मीटर आणून बिनचिपचं करून दाखवलं, सेम टू सेम. आणि चिपने खरंच लहरी अडवल्या असत्या तर उलट फोन जास्त ओरडला असता. अमेरिकेच्या ट्रेड कमिशनने २००२ मध्येच असले पॅच विकणाऱ्यांवर केस टाकताना हेच सांगितलं होतं म्हणे. म्हणजे समोर टॉवर आहे म्हणून आमचे फोन हळू बोलतात, आणि आम्ही त्यालाच शिव्या देतोय! मुलाने चिप सोलली तर आत मिठाईच्या डब्यावर असतो तसला चमकी कागद, बस.

ते लोक सगळंच खोटं बोलले असंही नाही. डब्ल्यूएचओच्या कॅन्सर एजन्सीने २०११ मध्ये ह्या लहरींना 'कदाचित कॅन्सरकारक' म्हटलंय हे खरंय, सरांनी तो कागद फिरवला पण. त्याच यादीत कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्क आणि आशियातल्या लोणच्यासारख्या मुरवलेल्या भाज्या आहेत ते नाही सांगितलं. २०२४ मध्ये डब्ल्यूएचओनेच करून घेतलेल्या मोठ्या आढाव्यात मोबाइल आणि मेंदूचा कॅन्सर ह्यांचा संबंध दिसला नाही, तेही नाही. आपल्याकडे टॉवरची मर्यादा १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केलीय. फोनवर स्टार हॅश झिरो सेव्हन हॅश दाबलं की त्याची सार व्हॅल्यू, म्हणजे फोनच्या लहरी शरीरात किती शोषल्या जातात तो आकडा, दिसते, आपल्याकडे १.६ च्या आत लागते. टॉवरचीच शंका असेल तर सरकारचं तरंग संचार पोर्टल आहे, फी भरून मोजून देतात.

पेंडंटचं तर विचारूच नका. डिसेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा खात्याने असल्या फाइव्ह जी विरोधी वस्तूंपैकी दहा तपासल्या तर त्याच किरणोत्सर्गी निघाल्या, गळ्यात घालू नका म्हणून इशारा दिला. हे वाचलं त्याच संध्याकाळी आईंच्या गळ्यातून काढलं.

आणि डोकेदुखी? बीपी. १८० वर ११०. डॉक्टरांनी विचारलं शेवटचं कधी तपासलं, आम्ही दोघं एकमेकांकडे बघतोय. पैशाचं सोडा, चिप लावलीय आता बरं वाटेल म्हणून जो महिना घालवला ना, तो डोक्यातून जात नाही. गोळी सुरू झाल्यावर पंधरा दिवसांत दुखणं थांबलं, टॉवर तिथेच आहे.

मॅडम आता फोन उचलत नाहीत. शेवटचं बोलल्या तेव्हा मलाच डीलर व्हा म्हणत होत्या. १९१५ ला ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केलीय, नंबर मिळालाय. बिल नाही पण जीपेचा स्क्रीनशॉट आणि पॅम्प्लेट जपून ठेवलंय, तुम्हीही ठेवा. आणि गंमत म्हणजे १९५४ चा औषधं आणि जादुई उपायांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा आहे त्यात ताईत, मंत्र ह्यांच्याबरोबर 'कवच' हा शब्दच आहे, ह्यांनी पॅम्प्लेटवर स्वतःच छापून दिलाय.

काकू सध्या लिफ्टमध्ये माझ्याकडे बघत नाहीत, त्यांनी दोन पॅक घेतलेत. आमची जाळी गॅलरीत लसणावर पालथी घातलीय, हवा चांगली लागते.