ए-लेव्हल की टी-लेव्हल?
इंग्लंडमध्ये जीसीएसईनंतर (सोळाव्या वर्षी होणारी शालेय परीक्षा) सिक्स्थ फॉर्मची, म्हणजे पुढच्या दोन वर्षांच्या शिक्षणाची, निवड करताना ए-लेव्हल (विषयनिहाय शैक्षणिक अभ्यासक्रम) आणि टी-लेव्हल (एका क्षेत्राचा तांत्रिक अभ्यासक्रम) या दोन पर्यायांत पालकांनी करायची मदत बरीच वेगळी असते. ए-लेव्हलला बहुधा तीन विषय दोन वर्षे खोलात शिकायचे असतात आणि वेळापत्रकात मोकळे तास भरपूर असल्याने खरी कसोटी स्वाध्यायाच्या शिस्तीची लागते. त्यामुळे पालकांनी स्वतः शिकवण्याचा अट्टहास न धरता त्या तासांचे साप्ताहिक नियोजन मुलाशी बोलून ठरवावे, आणि सुरुवातीला गुण घसरले तरी लगेच शिकवणी शोधायला धावू नये (आपल्याकडून गेलेल्या पालकांना हे जड जाते).

२०२० मध्ये सुरू झालेला टी-लेव्हल हा एकच अभ्यासक्रम तीन ए-लेव्हलच्या तोडीचा मानला जातो. त्यात साधारणतः किमान ३१५ तास प्रत्यक्ष उद्योगात काम करायचे असल्याने प्रवास, वेळ पाळणे आणि वरिष्ठांशी बोलणे यांची तयारी घरातूनच व्हावी लागते.

मात्र टी-लेव्हलसाठी सोळाव्या वर्षीच क्षेत्र पक्के करावे लागते. म्हणून कल अनिश्चित असेल, तर ए-लेव्हलच अधिक सुरक्षित वाटते. विद्यापीठात जायचे असल्यास संबंधित पदवीला टी-लेव्हल चालते का, हे प्रवेशापूर्वीच तपासावे.